वाडा कुणाच्या नावावर?



घोडेगावला आमच्या गटाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. विषय होता, बाईचा घरावरचा हक्क. पहिला दिवस कायद्यात गेला. कलमं, वारसनोंद, फेरफार. संध्याकाळपर्यंत बायका कंटाळल्या. तेव्हा ठरवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी जीप करून पाबळला जायचं, मस्तानीची समाधी पाहायची आणि येताना भीमेकाठच्या चासला थांबायचं. चास म्हणजे बाजीरावाच्या बायकोचं, काशीबाईंचं माहेर. तिथं जोशी घराण्याचा वाडा दाखवतात. सहल म्हणूनच निघालो होतो, पण खरं शिबिर झालं ते या प्रवासातच.

मस्तानीबद्दल काय माहीत आहे, असं जीपमध्ये विचारलं. उत्तरं ठरलेली होती. ती इतकी गोरी होती, की विड्याचा रस गळ्यातून उतरताना दिसायचा. ती नाचायची. तिने काशीबाईचा संसार नासवला. २०१५ च्या सिनेमात दोघी एकत्र नाचल्या, हेही आठवलं. पुण्यात तर तिच्या नावाचं थंडगार पेय पेल्यात भरून विकतात. तिच्या नावावर गावं होती, हे मात्र एकीनेही सांगितलं नाही. पाबळ, केंदूर आणि लोणी ही तीन गावं बाजीरावाने तिला इनाम दिली होती. पाबळला तिचा वाडा होता.

मोठ्या वाड्यांचा इतिहास सांगण्याची एक रीत पडून गेली आहे. पाया कधी घातला, कुणी घातला, त्याच्यानंतर मुलगा, मग नातू. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला आणि वास्तुशांत १७३२ मध्ये झाली, हे आपण शाळेत पाठ केलं. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, हेही वाचलं. या वंशावळीत बाई येते ती कुणाची तरी आई, बायको, नाहीतर सवत म्हणून. घर बाईनेच चालवलं, पण ते कुणाच्या मालकीचं होतं, या प्रश्नात ती कुठेच नसते.

म्हणून आपण मस्तानीकडे सौंदर्याच्या आणि प्रेमाच्या गोष्टी बाजूला ठेवून पाहू या. छत्रसाल बुंदेल्याची ही लेक. १७२९ साली बाजीरावाने छत्रसालाला बंगषाच्या वेढ्यातून सोडवलं आणि त्यानंतर ती पुण्यात आली. तिला मुलगा झाला, समशेर बहाद्दर. शनिवारवाड्यात तिच्यासाठी महाल होता. कोथरूडला वेगळा महाल होता. त्याचा भाग पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आजही पाहायला मिळतो. तीन गावांचं इनाम होतंच. एवढं असणाऱ्या बाईला काय कमी, असं कुणीही म्हणेल.

पण १७३९-४० च्या त्या हिवाळ्यात काय झालं? बाजीराव मोहिमेवर असताना दिराने आणि सावत्र मुलाने, म्हणजे चिमाजी अप्पाने आणि नानासाहेबाने, तिला कैदेत ठेवलं. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारला. पाठोपाठ तीही गेली. कशाने गेली, याबद्दल नुसत्याच आख्यायिका आहेत. महाल होते, गावं होती, पण ज्याच्या मर्जीने ती मिळाली तो जवळ नव्हता. तेव्हा त्यातली एकही भिंत तिच्या कामी आली नाही. मर्जीने मिळतं ते इनाम. हक्क वेगळा. मर्जी फिरली किंवा मर्जी करणारा गेला, की बाई पुन्हा दारात उभी.

आता काशीबाईकडे पाहू. ती लग्नाची बायको. चासच्या सावकार जोशींची लेक, पेशव्यांची सून, पुढच्या पेशव्याची आई. मस्तानी गेल्यावर तिच्या पोराला काशीबाईनेच वाढवलं. तो पुढे १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईतल्या जखमांनी मेला. चासचं सोमेश्वराचं देऊळ काशीबाईच्या नावाने ओळखलं जातं. म्हणजे माहेरी बाईच्या नावावर देऊळ राहू शकतं. वाडा मात्र जोशींचा तो जोशींचाच. लेकीचा तिथं हक्क तो माहेरपणाचा. चार दिवस यावं, साडी-चोळी घ्यावी आणि डोळे पुसत परत जावं. आपण दोनशे-तीनशे वर्षं या दोघींची भांडणं लावत बसलो. खरं तर एक माहेरी पाहुणी आणि दुसरी सासरी आश्रित. मालकीण दोघींतली एकही नव्हती.

कुणी म्हणेल, हे आपल्याकडचं मागासलेपण. तसंही नाही. इंग्लंडातल्या केंट परगण्यात नोल नावाचा प्रचंड वाडा आहे, सॅकव्हिल घराण्याचा. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ही लेखिका त्या घरातली एकुलती एक लेक. तिथंच ती लहानाची मोठी झाली. १९२८ साली वडील गेले आणि किताबाबरोबर वाडाही काकांकडे गेला, कारण व्हिटा मुलगी होती. इंग्लंडात विवाहित बाईला स्वतःच्या नावाने मालमत्ता ठेवण्याचा हक्क १८८२ च्या कायद्याने आधीच मिळाला होता. पण खानदानी घराची रीत कायद्याला बाजूला सारून चालत राहिली. २०१३ मध्ये तिथल्या राजगादीच्या वारसाहक्कात थोरली मुलगी धाकट्या भावाच्या पुढे आली. बहुतेक सरदारांचे किताब मात्र आजही मुलग्याकडेच जातात. पाबळ काय आणि केंट काय, भिंती दगडाच्या असोत की विटांच्या, आतला हिशेब एकच.

परतीच्या वाटेवर एक वयस्क बाई बोलल्या. त्या आदल्या दिवशी गप्पच होत्या. म्हणाल्या, "ताई, मस्तानीचं काय घेऊन बसलात? आम्ही चौघी बहिणींनी भावाला सही करून दिली. दोन एकर रान आन राहतं घर. म्हनलं, माहेरची वाट तेवढी ऱ्हावी. आता भाऊ गेला. भाचा ओळख दाखवत न्हाई. रान बी गेलं आन वाट बी गेली." जीपमध्ये कुणी काही बोललं नाही. मग एकेक जण सांगू लागली. अकरा जणींपैकी सात जणींनी हक्कसोड पत्रावर सही केली होती. काय लिहिलंय ते दोघींनीच वाचलं होतं.

कायदा काय म्हणतो, ते एकदा नीट समजून घेऊ. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला, पण राहत्या घराला कुलूप लावलं. भावांनी वाटणी मागेपर्यंत बहिणीला घराची वाटणी मागता येत नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. सप्टेंबर २००५ मध्ये देशभर ही सुधारणा झाली आणि राहत्या घराची अटही गेली. वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

इथं आपल्या पश्चिम भागातल्या मैत्रिणींची गोष्ट वेगळी आहे. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही. महादेव कोळी बाईला रीतीच्या भरवशावर राहावं लागतं. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाईला वगळणारी रीत सिद्ध होत नसेल, तर तिला वाटा नाकारणं हा भेदभाव आहे. हे पाऊल चांगलंच आहे. पण प्रत्येक बाई दिल्लीपर्यंत जाणार का?

आणि सासरचं घर? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने त्या घरात राहण्याचा हक्क दिला, मालकी दिली नाही. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी केल्या. ती मोठीच गोष्ट होती. तरीही ते नवऱ्याने दिलेलं. आपल्याला इनाम नको, वाटा हवा.

मग करायचं काय? त्या दिवशी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढायचा आणि आपलं नाव आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. दोन, वडील वारल्यावर फेरफाराची नोटीस आली तर ती कुणाच्या हाती न देता वाचायची. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. तीन, हक्कसोड पत्रावर गटात वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करायची नाही. सोडायचं तर समजून सोडा. भीतीने सोडू नका. भाऊ तुटेल ही भीती खरी आहे, तिला हसू नका. पण वाटा मागितल्यावर जो तुटतो, तो वाटा सोडून तरी किती दिवस टिकणार, हे त्या वयस्क बाईंना विचारा.

संध्याकाळी घोडेगावला परतलो. जीपमधून उतरताना त्याच बाईंनी हळूच विचारलं, "घरपट्टीचा कागद मिळंल का वो उद्या?" मी म्हटलं, "मिळेल. आपण दोघी जाऊ."