दुसऱ्याच्या रक्ताचा रंग

भयपट म्हटला कीं नाक मुरडावयाचें, ही आमच्या सुशिक्षित घरांतील रीतच आहे. भयानक व बीभत्स या दोघांनाहि नाट्यशास्त्रानें आठ रसांच्या पंगतींत बसविलें आहे, हें अशा वेळीं कोणास आठवत नाहीं. परंतु आमचें आजचें भांडण या मंडळींशीं नसून 'कँडीमॅन' या अमेरिकन चित्रपटाच्या स्तुतिपाठकांशीं आहे. निया डाकोस्टा यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२१ सालीं प्रदर्शित झाला. तो निर्भीड आहे, असें त्याचे चाहते सांगतात. आमच्या मतें तो अर्ध्या वाटेपर्यंतच निर्भीड आहे. पुढें तो कच खातो.

कथा शिकागो शहरांतील. कॅब्रिनी-ग्रीन ही तेथील गरीब कृष्णवर्णीयांची सरकारी वसाहत. तिच्या उंच इमारती १९९५ पासून २०११ पर्यंत पाडण्यांत आल्या व त्या भागांत पैसेवाल्यांचीं घरें उठलीं. अशाच एका घरांत, प्रेयसीच्या मिळकतीवर, अँथनी मॅकॉय नांवाचा कृष्णवर्णीय चित्रकार राहतो. त्याची प्रतिभा आटली आहे. अशांत त्याला वसाहतींतील एका खुन्याची दंतकथा सांपडते: आरशासमोर पांच वेळां नांव घ्यावें, कीं हाताच्या जागीं आंकडा असलेला तो पुरुष येऊन गळा चिरतो. अँथनी या कथेनें झपाटतो, तिच्यावरून आरशाची एक कलाकृति रचतो आणि ती कलादालनांत टांगतो.

एक टीकाकार बाई तिला तुच्छ लेखतात. स्वस्त भाड्यासाठीं गरिबांच्या वस्तींत शिरणारे कलावंतच त्या वस्तीच्या नाशास कारण होतात, असेंहि त्या सुनावतात. त्याच रात्रीं दालनांत दोन खून पडतात. बातमींत कलाकृतीचा उल्लेख होतो आणि आमचा चित्रकार हरखतो: आपलें नांव घेतलें गेलें! टीकाकार बाईंनाहि आतां त्या कृतींत गोडी वाटूं लागते. आरसा तोच, रंग तेच. मध्यें दोन प्रेतें पडलीं एवढेंच. आंकड्याच्या भुतापेक्षां आम्हांला या हर्षाचीच भीति अधिक वाटली. परीक्षणें लिहून पानें भरणाऱ्या आम्हांसारख्यांनीं तर येथें मान खालींच घालावी.

आणि येथेंच चित्रपट पळ काढतो. अँथनीला मधमाशी डसते, त्याचा हात सडूं लागतो, आणि मग कळतें कीं १९९२ सालच्या पहिल्या चित्रपटांत पळविलेलें तान्हें मूल तें हाच! म्हणजे त्याचा ध्यास ही त्याची निवड नव्हे, विधिलिखित होतें. दैव घरांत आलें, जबाबदारी मागच्या दारानें निघून गेली. शेवटीं पोलिसांच्या गोळ्यांनीं तो हुतात्माहि होतो.

यावर चाहते म्हणतील, चित्रपटाचा खरा विषय पोलिसांचा जुलूम हा आहे. आम्हांला तें मान्य आहे. १९७७ सालच्या प्रसंगांत मुलांना गोळ्या वाटणाऱ्या एका निरपराध मनुष्यास पोलीस ठार मारतात; छायाबाहुल्यांनीं सांगितलेल्या तशा कथा तर मनांतून जात नाहींत. पण दुःख जितकें खरें, तितकाच त्यावर स्वतःची सही ठोकणाऱ्याला जाब अधिक कडक विचारावयास नको काय? अँथनीचीं पापें धुवून काढल्यानें त्या मृतांना कोणता न्याय मिळाला? शेवटीं त्याची प्रेयसी पोलिसांच्या गाडींत, आरशांत पाहून, पांच वेळां नांव घेते. पोलीस मरतात, प्रेक्षक सुखावतो. कलादालनांतील तीं दोन प्रेतें मात्र कोणाच्याच हिशेबांत येत नाहींत.