२०४८ साली अंटार्क्टिकाचं काय होणार?

‘२०४८ मध्ये अंटार्क्टिकाचा करार संपणार, मग तिथलं तेल आणि खनिजं ज्याच्या हाती लागतील त्याची!’ असा मेसेज तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. वाचायला थरारक आहे, पण खरा नाही.

अंटार्क्टिका भारताच्या चौपटीहून मोठा. तिथे मूळ रहिवासी कुणीच नाहीत, तरी सात देशांनी त्याचे तुकडे आपले म्हणून सांगितले. त्यातले ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे दावे तर एकमेकांवर चढलेले, एकाच सातबाऱ्यावर तिघांनी हक्क सांगावा तसे. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकाच कागदावर आले, हेच मला मोठं नवल वाटतं. करारानं मालकीचा निकाल लावलाच नाही, वाद आहे तिथे गोठवून ठेवला. जुना दावा सोडू नका, नवा सांगू नका. लष्करी तळ नकोत, अणुस्फोट नकोत. आणि कुणाच्याही संशोधन केंद्राची तपासणी करायला दुसऱ्या देशाचे निरीक्षक कधीही येऊ शकतात.

या कराराला मुदतच नाही. मग २०४८ आलं कुठून?

१९९१ मध्ये माद्रिदला पर्यावरणाबद्दलचा एक जोडकरार झाला. त्यानं खाणकामावर बंदी घातली. (स्लेज ओढणारे कुत्रेसुद्धा त्यानंच बाहेर काढले, कारण त्यांचे रोग सीलना लागण्याची भीती होती.) हा जोडकरार १९९८ मध्ये लागू झाला. पन्नास वर्षांनी, म्हणजे २०४८ पासून, निर्णयाचा अधिकार असलेला कुठलाही देश त्याच्या फेरविचारासाठी परिषद मागू शकतो. एवढंच! खाणबंदी उठवायची तर खाणकामाचे बंधनकारक नियम आधी हवेत, आणि १९९१ मध्ये निर्णयाचा अधिकार असलेल्या सगळ्या २६ देशांची संमतीही हवी. त्या २६ मध्ये भारत आहे. आपली पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि १९८३ मध्ये आपल्याला हा अधिकार मिळाला.

त्यामुळे मला २०४८ ची फारशी धास्ती वाटत नाही. काळजी वाटते ती आजची. इथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकानं मान हलवली नाही की विषय पुढच्या वर्षावर. याच नियमामुळे खाणबंदी इतकी भक्कम आहे, आणि याच नियमामुळे नवं संरक्षण अडकतं. एम्परर पेंग्विनची पिल्लं समुद्रावरच्या बर्फावर वाढतात. पाण्यात टिकणारी पिसं येण्याआधीच बर्फ फुटला तर ती बुडतात किंवा गारठून मरतात. या पेंग्विनना खास संरक्षित प्रजातीचा दर्जा द्यावा, असा प्रस्ताव २०२२ च्या बर्लिन बैठकीत होता. जवळजवळ सगळे तयार होते. चीन तयार नव्हता, प्रस्ताव बारगळला. पूर्व अंटार्क्टिकाच्या समुद्रात राखीव क्षेत्र करण्याचा विषयही चीन आणि रशियाच्या विरोधामुळे वर्षानुवर्षं रखडला आहे.

मे २०२४ मध्ये ही वार्षिक बैठक आपल्या कोचीत भरली. तिथे पहिल्यांदाच पर्यटनाच्या नियमांसाठी स्वतंत्र कार्यगट बसला, कारण आता एका हंगामात लाखाहून जास्त पर्यटक तिकडे जातात. त्या नियमांनाही शेवटी प्रत्येकाचा होकार लागणार आहे.