खालच्या वाडीचा पंचनामा कोण करणार?



भंडारा-गोंदियाकडे धानाच्या एका बांधीतले पाणी दुसऱ्या बांधीत, तिथून पाटात आणि पाटातून खालच्या भाजीच्या वाडीत उतरते. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालले. आता त्या पाण्यासोबत तणनाशकही उतरते. रोवणीनंतर लगेच ब्युटाक्लोर किंवा प्रेटिलाक्लोर, पुढे रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी. औषध पडल्यावर मोठा पाऊस आला आणि बांधी फुटली, की ते खालच्याच्या शेतात गेलेच.

धान गवतवर्गातला, त्याला टू-फोर-डी सोसते. वांगे, टमाटर, भेंडी यांना सोसत नाही. पान आक्रसते, बोटासारखे लांबट होते, शेंडा वळतो. शेतकरी ते पान घेऊन दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, "व्हायरस आहे, हे मारा." वरच्याला तणनाशक विकून एकदा कमाई, खालच्याला कीटकनाशक विकून दुसऱ्यांदा कमाई! वाडी गेली ती गेलीच.

"हे धानवाल्यांचे दुखणे, आम्हा कोरडवाहूंना काय?" असे कोणी म्हणू नये. भेंडी आणि कापूस एकाच कुळातले. टू-फोर-डीचा नुसता वारा लागला तरी पऱ्हाटीचे पान चिरते. ज्वारीत मारून नीट न धुतलेला पंप पऱ्हाटीवर चालवला तरी तेच. ज्वारीतले ॲट्राझिन पहिल्या मोठ्या पावसात उताराने खाली जाते. पाण्याला सातबारा कळत नाही.

मी कृषी पदवीधर. एकरी मात्रा किती, हे आम्हाला पाठ करायला लावले. पाणी धुरा ओलांडल्यावर नुकसान कोणाच्या नावावर, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. तो सरकारच्या फायलीतही नाही. मे २०२० मध्ये केंद्राने २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात ब्युटाक्लोर, टू-फोर-डी आणि ॲट्राझिन तिन्ही होती. वाद काय झाला? बंदी घाला, नका घालू. खालच्या शेतकऱ्याची भरपाई कोणाच्या तोंडी आली नाही.

आम्ही बंदी मागत नाही. निंदणाला मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून शेतकरी तणनाशक घेतो. त्याला पापी ठरवणारे शहरी पंडित निंदायला येणार नाहीत. पण उपाय नाही, हेही खोटे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला धानाच्या तणनाशकांनी नाल्यांतले मासे मेले, शहराच्या नळाला कडू चव आली. तेव्हा नियम झाला: औषध मारले की पाणी बांधीतच अडवा. काही औषधांसाठी ही मुदत महिन्याच्या घरात गेली. औषध बांधीतच विरू लागले, नदीतले प्रमाण झपाट्याने घटले. तिथे शहराचे तोंड कडू झाले म्हणून कायदा हलला. इथे शेतकऱ्याची वाडी गेली तर तलाठीही हलत नाही.

म्हणून आमच्या मागण्या:

१. पाणी किती दिवस अडवायचे आणि कोणत्या पिकाला धोका, हे डब्यावर ठळक मराठीत छापा. भिंग लावून वाचायची अक्षरे नकोत.

२. बियाणे उगवले नाही तर समिती शेतावर येते. तशीच ती तणनाशकाच्या पाण्यासाठी यावी. डब्यावर सूचना नसेल किंवा दुकानदाराने चुकीचा सल्ला दिला असेल, तर भरपाई त्यांच्याकडून घ्यावी.

समिती येईपर्यंत पुरावा आपणच जपू. पाणी शिरते त्या तोंडाशी नुकसान जास्त आणि पुढे कमी होत गेले असेल, तर संशय पाण्यावर घ्या. रोग बहुधा इथे-तिथे विखरून सुरू होतो. एका कुंडीत त्या जागेची माती, दुसरीत चांगली माती घ्या आणि दोन्हींत भेंडी, काकडी पेरा. पहिलीतले रोप वाकडे आले तर फोटो काढा, तारीख लिहा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

आणि धुऱ्यावर शेजाऱ्याशी डोकी फोडू नका. तोही आपल्यासारखाच नाडलेला आहे. औषध मारण्याआधी त्याने सांगावे, आपण पाट बंद करावा. भांडण करायचे तर दोघांनी मिळून कृषी कार्यालयाच्या दारात करू. जिल्हा बैठकीला येताना तक्रारीची पोच सोबत आणा.