पाच-दहा पुरे!

धावपटू कविता राऊतच्या वेळची नाशिकची पोरं भारी, की संजीवनी जाधवच्या वेळची, या वादाचा मला उबग आलाय. सुरतेतल्या आमच्या बमरोलीत तो अधूनमधून पेटतोच. निमित्त कुठल्याही निकालाचं चालतं. दिवसपाळी सुटते, लूमच्या खात्यातून बाहेर पडलेली पोरं टपरीवर अर्धा-अर्धा चहा घेतात, आणि ज्यांच्यातल्या एकानेही दहा हजार मीटरची शर्यत कधी मैदानात उभं राहून पाहिलेली नाही, ते पंचवीस फेऱ्यांचे पंच होतात. नंदुरबारवाल्याचं मत एक, अमळनेरवाल्याचं दुसरं. हल्ली एक तिसराही निघालाय. तो मोबाइल नाकासमोर धरून सांगतो, खरी भारी पोरं अमेरिकेत. तिथे शाळेतच चार मिनिटांच्या आत मैल मारतात.

तिघांत हा तिसराच जरा शहाणा. कारण त्याच्या वादाला निदान वही आहे.

अमेरिकेत शाळेतून बाहेर पडणाऱ्या कुठल्या वर्षाची पोरं लांब पल्ल्यात सर्वांत जबर, यावर तिथले लोक वर्षानुवर्षं भांडतात. भांडू शकतात. १९६५ म्हणणारे जिम रायनचं नाव घेतात: शाळेत असताना मैल ३ मिनिटं ५५.३ सेकंदांत, आणि पुढच्याच वर्षी थेट जागतिक विक्रम. शालेय मैलाचा त्याचा विक्रम ३६ वर्षं कोणाला हलला नाही. तो हलवला २००१ मध्ये अ‍ॅलन वेबने, ३:५३.४३. याच वेबला त्याआधी डिसेंबर २००० मध्ये शालेय क्रॉस-कंट्रीच्या राष्ट्रीय अंतिम शर्यतीत डेथन रिट्झनहाइनने मागे टाकलं होतं, आणि तिसरा आला होता रायन हॉल. तिघेही एकाच वर्षी शाळेतून बाहेर पडले. पुढे वेबने मैल ३:४६.९१ मध्ये काढला, रिट्झनहाइनने पाच हजार मीटर १२:५६.२७ मध्ये, आणि हॉल अर्धमॅरेथॉन तासाच्या आत धावणारा पहिला अमेरिकन ठरला. माझं मत २००१ ला. अलीकडची पोरं शाळेतच चार मिनिटांच्या आत ढिगाने येतात, खरंय. पण त्यात बुटांच्या तळव्यातल्या नव्या फोमचा वाटा किती आणि फुप्फुसाचा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

२००१ वाले भक्त एक गोष्ट मात्र हळूच गिळतात. या तिघांपैकी एकालाही ऑलिंपिक पदक नाही. वेब अथेन्समध्ये पहिल्याच फेरीत गारद झाला. हॉल २०१६ च्या जानेवारीत, तेहतिसाव्या वर्षी, शरीर साथ देत नाही म्हणून थांबला. आणि मुलींचं विचाराल तर मेरी केन. २०१३ मध्ये शाळकरी असताना तिने मैल ४:२८.२५ मध्ये काढला, सगळ्यांनी तिला खांद्यावर घेतलं. २०१९ मध्ये तिनेच जाहीर सांगितलं की नायकीच्या ओरेगॉन प्रकल्पात वजनावरून आपला कसा छळ झाला. म्हणजे तिकडेही सगळं सोवळं आहे असं नाही. फरक इतकाच, की कोण, कुठल्या वर्षी, किती सेकंदांत, आणि पुढे त्याचं काय झालं, हे चारही रकाने भरलेले असतात. वाद त्यानंतर सुरू होतो.

आता आपली वही उघडू.

पहिला रकाना जन्मतारखेचा. अर्ध्या खानदेशाचा वाढदिवस १ जूनला येतो. गुरुजींनी पोराला पहिलीत घेताना अंदाजाने टाकलेली तारीख ती. हा गुरुजींचा दोष नाही; दोष त्यांचा, जे त्याच दाखल्यावर वर्ष-दोन वर्षं आणखी खाली उतरवतात आणि मिसरूड फुटलेला पोर सतरा वर्षांखालच्या गटात उभा करतात. वय लपवणं हा आपल्याकडच्या ज्युनिअर अ‍ॅथलेटिक्सचा जुना रोग आहे. म्हणून तर पोरांच्या मनगटाच्या हाडांचे एक्स-रे काढायची पाळी आली. एक्स-रे काढून ज्याचं वय ठरवावं लागतं, त्याच्या शालेय वेळेची तुलना तुम्ही कोणाशी करणार?

दुसरं, औषधं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजक तपासणीवाले येताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला, ही बातमी सगळ्यांनी चवीने वाचली. मला त्याच स्पर्धेतली दुसरी बातमी जास्त बोचली. ज्युनिअर मुलींच्या स्टीपलचेसमध्ये एक मुलगी शर्यत संपल्यावर थांबलीच नाही. अंतिम रेषा ओलांडून ती तशीच पळत राहिली, आणि तपासणी अधिकारी तिच्यामागे धावला. लांब पल्ल्याची शर्यत याहून लांब काय असणार! आणि आमच्या वादातली संजीवनी? २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत पाच हजारात ब्राँझ, त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजारात रौप्य. आणि मग प्रोबेनेसिड सापडल्यामुळे दोन वर्षांची बंदी. टपरीवर तिच्या बाजूने बोलणारा पदकांपर्यंत येतो आणि चहाचा घोट घेतो.

तिसरा रकाना, ज्या वर्षाबद्दल आपण भांडतो त्या वर्षाचा. आपल्या सगळ्यांत मोठ्या धावपटूचं शालेय वर्षच नाही! अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातलं मांडवा, आई-बाप वीटभट्टीवर. पोरगा शाळेत पायी जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमधून सियाचीनला उभा राहिला, आणि २०१५ मध्ये, एकविशीच्या आसपास, लष्करातल्या क्रॉस-कंट्रीतून स्पर्धेच्या वाटेला लागला. त्याने २०१८ मध्ये गोपाळ सैनींचा १९८१ पासूनचा स्टीपलचेसचा विक्रम मोडला. २०२२ मध्ये बहादूर प्रसादांचा पाच हजाराचा, १३:२९.७० चा, तीस वर्षं जुना विक्रम मोडला. हा विक्रम किती मोठा, ते समजून घ्या: २००४ मध्ये गॅलन रप नावाच्या अमेरिकन शाळकरी पोराने पाच हजार मीटर १३:३७.९१ मध्ये काढले होते. आपल्या देशाचा विक्रम आणि त्यांच्या शाळेचा विक्रम यांत तेव्हा सव्वाआठ सेकंदांचं अंतर होतं.

साबळे शाळेत असताना आपल्याला दिसला नाही. तो लष्कराला दिसला. आणि तरी आपण कुठल्या शाळकरी बॅचमध्ये दम होता यावर चहा थंड करतो.

कविताला मी कमी लेखत नाही. सावरपाड्याची ही मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजारात ब्राँझ. राष्ट्रकुलात धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. पुढच्या महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ३१:५१.४४, रौप्य, प्रीजा श्रीधरनच्या मागे एका सेकंदाहून कमी. आपण लगेच तिला सावरपाडा एक्स्प्रेस करून टाकलं. ललिता बाबर माणदेशी एक्स्प्रेस, सरिता गायकवाड डांग एक्स्प्रेस. पोरगी धावली की तिला गाडीचं नाव द्यायचं. त्या पोरीने स्पर्धेला जायचं ते मात्र जनरलच्या डब्यात, दाराशी पिशवीवर बसून.

आणि नाशिकचं जे काही झालं, ते कुठल्या योजनेतून झालं असं कोणी सांगू नये. भोसला मिलिटरी स्कूलचं मैदान, विजेंदर सिंग नावाचा चिवट प्रशिक्षक, आणि त्र्यंबक-पेठकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या, चढ-उताराला सरावलेल्या पोरी. इतकंच भांडवल. आमच्या सुरतेजवळच डांग आहे, डोंगर तेच, माणसं तीच, भाकरीही तीच. तिथून मुरली गावित निघाला, २०१९ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरला पदक घेऊन आला. त्याच्या मागे रांग का लागली नाही, हे विचारायचं सोडून आम्ही राऊत की जाधव करत बसतो.

पण माझा खरा राग या कशावर नाही. माझा राग एका तक्त्यावर आहे.

महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना सोळाशे मीटर धावावं लागतं. ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याच्या आत आलात की २० पैकी २० गुण. मुलींना आठशे मीटर, २ मिनिटं ५० सेकंदांत २० पैकी २०. पोरं याला नुसतं ‘पाच-दहा’ म्हणतात. ‘पाच-दहा बसतंय का?’ हा खानदेशातल्या कुठल्याही मैदानावर पहाटे विचारला जाणारा पहिला प्रश्न. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. याहून मोठी लांब पल्ल्याची चाचणी देशात दुसरी कुठली होत असेल, मला माहीत करून घ्यायला आवडेल.

आता हिशेब करा. साबळेने २०२४ मध्ये पॅरिसला स्टीपलचेस ८:०९.९१ मध्ये काढली. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत, सोळाशेला ४ मिनिटं २१ सेकंदांच्या गतीने. भरतीत त्याला किती गुण? वीस. पाच मिनिटं नऊ सेकंदांत धापा टाकत येणाऱ्याला किती? वीस. कविताची ग्वांगझूची गती सोळाशेला ५:०६ पडते. म्हणजे पुरुषांच्या पूर्ण गुणांची शर्यत तिने एका दमात सव्वासहा वेळा जिंकली. सरकारच्या तक्त्यात या पराक्रमाला रकाना नाही.

आम्ही लूमवरची माणसं. आम्हाला पगार मीटरवर मिळतो. जास्त मीटर काढले तर जास्त पैसे, हे अंगठेबहाद्दर कारागिरालाही कळतं. इथे सरकार लाखो पोरांना लेखी सांगतंय, की अमुक सेकंदांनंतर तुझी मेहनत फुकट.

आमच्या मागच्या गल्लीत अकरावीतली एक मुलगी आहे. पहाटे पाचला पळते, कारण उजाडलं की रस्ता ग्रे कापडाच्या टेम्पोंचा होतो. भावाचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेले. घरी आली की आईबरोबर साड्यांना टिक्या चिकटवते. तिचे दाखले गावचे, नंदुरबार जिल्ह्यातले, म्हणून भरती महाराष्ट्राची द्यायची ठरलंय. गुजरातची दिली तर मुलींना सोळाशे मीटर साडेनऊ मिनिटांत. त्याला धाप लागायचंही कारण नाही. तर परवा तिच्या भावाने बाइकच्या मीटरवर अंतर मोजून तिची आठशेची वेळ घेतली. २ मिनिटं ४४. मला म्हणाला, “काका, सहा सेकंद शिल्लक आहेत. पळणं झालं आता, उद्यापासून गोळा.”

बारीक अंगाची मुलगी, कोणी न शिकवता, रस्त्यावर, दुसऱ्याच्या बुटांत अशी धावते, आणि तिला गोळाफेकीला लावतात. भाऊ मूर्ख नाही. गोळ्याचे १५ गुण आहेत, धावण्याचे तिला आणखी मिळणार नाहीत. त्याने तक्ता बरोबर वाचलाय. ज्यांनी तक्ता लिहिला त्यांनी मुलगी पाहिली नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: अहो, ती पोलीस भरती आहे, ऑलिंपिकची निवड नव्हे, सरकारला पोलीस हवेत. हवेत ना, घ्या की. पण मग मान्य करा, की गरिबाच्या पोराला पहाटे उठवणारी या राज्यात एवढी एकच शर्यत आहे. शालेय स्पर्धेचं प्रमाणपत्र सवलतीच्या गुणांपुरतं. ते मिळालं की पोराचे बूट आणि प्रमाणपत्राची फाइल एकाच माळ्यावर जातात. इकडे गुजरातेत २०१० पासून खेल महाकुंभ भरतो, नोंदणीचे आकडे डोळे दिपवणारे. त्यात धावलेल्यांपैकी पाच वर्षांनी किती जण धावतात, एवढा एक आकडा कोणी फलकावर लावून दाखवावा. उरते ती भरती. आणि भरतीची मैदानं साधी नाहीत. आता धावणाऱ्याच्या अंगावर आरएफआयडी चिप असते, वेळ यंत्र मोजतं. लाखो तरुणांची सोळाशेची आणि आठशेची पक्की वेळ, कागदपत्रं तपासलेली, सरकारच्या हातात येते. आणि सरकार त्याचे गुण करतं, यादी लावतं, सेकंद विसरून जातं.

यासाठी नवी अकादमी नको, नवा पुतळा नको, कोणाच्या नावाचं संकुल नको. पाच-दहाच्या खाली प्रत्येक दहा सेकंदांना एक गुण वाढवा. यादीत गुणांशेजारी वेळ छापा. साडेचारच्या आत येणाऱ्या पोराला वर्दी द्या आणि वर्दीसकट मैदानावर पाठवा; साबळेच्या बाबतीत लष्कराने केलं ते याहून फार वेगळं नव्हतं. खर्च विचाराल तर शाईचा.

एवढं झालं, की कुठल्या वर्षाची आपली पोरं भारी यावर मी स्वतः टपरीवर येऊन भांडेन, चहाचे पैसेही देईन. तोवर माझं मत अमेरिकेच्या २००१ ला. ते फार थोर आहेत म्हणून नव्हे. समोर आपला अर्जच दाखल नसल्याने ते बिनविरोध आलेत.