आगोटीचे घर

घारापुरी म्हटले की आपल्या वाङ्मयीन स्मृतीत त्रिमूर्ती उभी राहते. उरण तालुक्यातल्या या बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही नांदती गावेही आहेत, याचा मात्र सहसा विसर पडतो. १९८७ साली युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला. घरांची नोंद ठेवणे हे साहित्याचे काम. ते आपण पुरेसे केलेले नाही, असे आमचे मत आहे.

पावसापूर्वी कोकणातले कुटुंब आगोटीच्या तयारीला लागते. नोकरीनिमित्त दूर असलेली मुले शनिवार-रविवार गाठून येतात. कौले चाळली जातात, लाकूडफाटा आत येतो, सुक्या मासळीची बेगमी होते. बेटावर तर बाहेरून आणायचे प्रत्येक कौल होडीतूनच यावे लागते. शिवाय शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांची गर्दी. लेणी बंद असतात ती सोमवारी. ज्यांचे पोट या पाहुण्यांवर चालते, त्यांनी घर शाकारायचे कोणत्या सुट्टीत?

२०१८ मध्ये समुद्राखालच्या केबलने या गावांत वीज आली, हे फार चांगले झाले. उद्या कौलांच्या जागी स्लॅब आला तर तेही योग्यच. शिडीवर न चढणाऱ्यांनी कष्टांचे गोडवे गाऊ नयेत. परंतु कष्टांबरोबर शाकारणी, आगोट, बेगमी हे शब्दही जातील. ज्यांच्या तोंडी ते अजून आहेत, त्यांच्याकडून ते ऐकून लिहून घेणे हे भाषेच्या शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य आहे. आणि त्यालाही आगोटीपूर्वीचीच मुदत आहे.