वाजतंय ना, मग झालं!

या शनिवारी जरा भांडायचं आहे.

झालं असं, की परवा ऑफिसातल्या एका मित्राने लंच टाइमला हात धरून बेसमेंट पार्किंगमध्ये नेलं. नवीन गाडी, त्यात नवीन म्युझिक सिस्टीम. डिकी उघडली तर आत जांभळ्या एलईडीचा झगमगाट, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली अँप्लिफायर, शेजारी बारा इंची दोन सबवूफर आणि खोक्यावर लिहिलेलं ‘२००० वॉट’. गाणं लावलं तशी नंबरप्लेट थरथरायला लागली. आजूबाजूच्या दोन गाड्यांचे अलार्म वाजले. साहेब खूश!

मी एकच प्रश्न विचारला, "मेन वायरचा फ्यूज कुठे टाकलाय रे?"

"फ्यूज? असेल ना कुठेतरी. दुकानवाल्याला विचारायला पाहिजे. वाजतंय ना, मग झालं!"

आता हाच माणूस कोड रिव्ह्यूमध्ये माझ्या एका व्हेरिएबलच्या नावावरून अर्धा तास वाद घालतो बरं का. तेव्हा ‘चालतंय ना, मग झालं’ असं कोणी म्हटलं तर त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. आणि स्वतःच्या चार चाकांवर, ज्यात बायको-पोरगी बसतात, तिथे मात्र हा थेट प्रॉडक्शनमध्ये ढकलून मोकळा. तेव्हा मी काही बोललो नाही, कारण चेहरा फारच आनंदी होता. आज बोलतो.

बोलायचा अधिकार मला कसा मिळाला तेही सांगतो. मी याच्यापेक्षा मोठा गाढवपणा करून बसलोय.

२०२३ मध्ये बोनस आला तेव्हा मी एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि पहिल्या महिन्यातच एका नावाजलेल्या दुकानात नेली. चार चॅनेलचा अँप, पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर, एक सब. बिलावर घासाघीस केली आणि शेवटी दुकानदार म्हणाला, "चला साहेब, फिटिंग फ्री!" मला वाटलं, जिंकलो. दोन पोरांनी दीड तासात गाडी हातात दिली. वाजत होती. झकास वाजत होती.

२०२४ च्या गणपतीत आई-बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाटात नेहमीची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अचानक गाणं बंद पडलं आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला. मग डॅशबोर्डच्या खालून, आईच्या पायांजवळून धूर. मी काय केलं? मी स्टिरिओचं बटण दाबत बसलो. इंजिनिअर ना!

बाबा शांतपणे म्हणाले, "आधी इंजिन बंद कर. मग सगळे उतरा." बाबांची अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, स्वतःच्या पिशवीतून दहाचा पाना काढला (हो, साताऱ्याला जातानाही त्यांच्या पिशवीत दहाचा पाना असतो) आणि बॅटरीचा मायनस टर्मिनल काढून बाजूला केला. धूर थांबला. सगळं मिळून दोन मिनिटं. तो पाना पिशवीत नसता तर काय, याचा विचार मी अजूनही रात्री कधीतरी करतो.

कारण नंतर सापडलं. बॅटरीपासून येणारी जाड लाल वायर इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून आत आणली होती. भोकाला रबरी ग्रोमेट नाही. वर्षभर कच्च्या पत्र्याच्या धारेवर वायर घासत होती. वरचं कातडं गेलं, तांबं पत्र्याला लागलं, शॉर्ट. "पण फ्यूज होता ना!" मी बाबांना सीटखालचा फ्यूज दाखवला, अँपच्या शेजारी, चकचकीत सोनेरी होल्डरमध्ये. बाबांनी तो पाहिला आणि विचारलं, "हा इथे बसून कुणाला वाचवणार, सीटला?"

इथे जरा थांबा, कारण बहुतेकांचं नेमकं इथेच चुकतं. फ्यूज अँपला वाचवण्यासाठी नसतो. अँपचा फ्यूज अँपच्या अंगावर असतोच. मेन फ्यूज असतो वायरला वाचवायला. शॉर्ट बॅटरी आणि फ्यूज यांच्या मध्ये झाला, तर करंट बॅटरीतून निघून पत्र्यात जातो आणि फ्यूजपर्यंत पोचतच नाही. फ्यूज शाबूत राहतो, वायर पेटते. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण गाडीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी शॉर्टमध्ये काही शे अँपिअर सहज देते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून १८ इंचांच्या आत पाहिजे, हा या धंद्यातला जुना आणि साधा नियम आहे. जितका जवळ तितका चांगला.

गंमत म्हणजे हा रोग पहिल्या दिवसापासूनचा आहे. पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ नावाने कार रेडिओ बाजारात आणला. मोटर आणि व्हिक्ट्रोला यांचं ते बारसं. गॅल्विनबद्दल एक किस्सा सांगतात, की कर्ज मिळावं म्हणून त्यांनी एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला. खरं-खोटं देव जाणे, पण किस्सा टिकून राहिला यातच सगळं आलं.

आता त्या ‘२००० वॉट’कडे येऊ. मित्रा, तू बीई आहेस. गुणाकार-भागाकार करू. अँप ८० टक्के एफिशियंट धरला, तर २००० वॉट बाहेर यायला २५०० वॉट आत जायला हवेत. भागिले १३.८ व्होल्ट म्हणजे सुमारे १८० अँपिअर. छोट्या गाडीचा अल्टरनेटर साधारण ७० ते ९० अँपिअरचा असतो, त्यातच हेडलाइट, वायपर आणि एसीचा पंखा. मग हे २००० वॉट येणार कुठून?

स्टिरिओवरच्या ‘५० वॉट X ४’ची गोष्टही तशीच. १४.४ व्होल्टचा वर्ग भागिले ४ ओहम, उत्तर ५१.८. म्हणजे अँप पूर्ण फाटून आडवी-उभी स्क्वेअर वेव्ह बाहेर फेकत असताना जे मिळेल ते. स्वच्छ साइन वेव्हला त्याच्या निम्मे, आणि वाटेतले लॉसेस जाऊन खरे आरएमएस २० च्या आसपास. आणि वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, जेमतेम कळेल इतका. या आकड्यासाठी आपण दुप्पट पैसे मोजतो आणि ज्याने खरा फरक पडतो ते ‘फ्री’मध्ये घेतो!

खरा फरक कशाने पडतो? दाराने. स्पीकरचा पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट असतात. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यातून मागचा आवाज पुढे येतो आणि बेस एकमेकांना खाऊन टाकतो. ती भोकं बंद करा, पत्र्यावर ब्युटाइलचं डॅम्पिंग लावा, स्पीकर पातळ प्लास्टिकवर न बसवता घट्ट रिंगवर बसवा. तोच स्पीकर, तोच स्टिरिओ, आणि बेस आपोआप हजर. मी स्वतः ऐकलंय, तेव्हा कळलं की मला मुळात एवढा मोठा सब नकोच होता.

पण हे दिसत नाही ना! दारावर पॅनेल बसलं की काम गायब. इन्स्टाग्रामवर टाकायला काही उरत नाही. आणि माझं भांडण नेमकं इथे आहे. आपल्याकडे ‘कस्टम’ आणि ‘प्रीमियम’ याचा अर्थ झालाय जास्त दिसणारं. जास्त लाइट, जास्त क्रोम, जास्त अ‍ॅक्रिलिक. माझं म्हणणं उलटं आहे. चांगलं इन्स्टॉलेशन म्हणजे गाडीत बसल्यावर काही बसवलंय हे कळूच नये. सब स्टेपनीच्या खाचेत, अँप सीटखाली, डिकीत दोन बॅगा पूर्वीसारख्याच मावतात. आणि पॅनेल उघडलं तर आतलं काम बाहेरच्यापेक्षा सुंदर दिसावं.

घाटातल्या त्या प्रकारानंतर बाबांनी आणि मी ओळीने तीन रविवार आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेच सामान परत बसवलं. नवीन फक्त वायर, फ्यूज, डॅम्पिंग आणि लग. जुनी ‘कॉपर’ वायर बाबांनी ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रेझिस्टन्स दीडपटीहून जास्त. माझ्या अँपचे खरे वॉट ३०० आरएमएस, म्हणजे करंट २७ अँपिअर. त्याला १६ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर आणि बॅटरीजवळ ५० अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. अर्थिंगसाठी बोल्टखालचा रंग घासून पत्रा उघडा केला, मग एक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमधून येणारी ती ‘कुंईंई’ बंद झाली. ती मी वर्षभर ‘स्पीकर नवीन आहेत, सेट होतील’ म्हणून ऐकत होतो.

मी एक वायर सरळ तिरकी ओढून मोकळा होत होतो, तर बाबांनी सोडायला लावली. "अरे, आतूनच तर जातेय, कोण बघणार आहे?" असं मी म्हणून गेलो. ते म्हणाले, "पुढच्या वेळी जो उघडेल तो बघणार आहे. त्याने तुला शिव्या घालू नयेत." एवढं बोलून त्यांनी कंपनीच्या मूळ वायरिंगच्या बाजूबाजूने, वीतभर अंतरावर टाय मारत ती वायर नेली. आमच्या कंपनीत मेंटेनेबिलिटीवर दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, त्यात हे इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, दोष त्या दुकानातल्या पोरांचा. नाही हो. दीड तासात गाडी सोड, पुढची उभी आहे, असं मालक सांगतो. आणि मालकाला तसं सांगायला आपण लावतो. आपण खोक्यांचे पैसे देतो, हातांचे देत नाही. वीस हजाराच्या अँपवर घासाघीस न करणारा माणूस मजुरीचे तीन हजार ऐकले की "एवढ्याशा कामाचे?" म्हणतो. हाच माणूस क्लायंटने एस्टिमेट कापलं की चहाच्या टपरीवर तासभर रडतो. नीट बसवायला दोन दिवस लागतात. ज्याला दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत तो दीड तासाचंच काम करणार. फिटिंग ही खरेदीवर मिळणारी भेटवस्तू नाही. मी तर म्हणेन, फिटिंग हीच खरेदी आहे.

दुसरा आक्षेप: एवढी कटकट असेल तर करायचंच कशाला? बरोबर आहे. कंपनीच्या सिस्टीमवर तुमचं भागत असेल तर कृपा करून हात लावू नका. अर्धवट काम करण्यापेक्षा न केलेलं शंभर पटींनी चांगलं. पण करायचंच असेल तर दुकानदाराला खोकं उघडण्याआधी हे विचारा:

१. मेन फ्यूज बॅटरीपासून किती इंचांवर टाकणार?
२. पत्र्यातून वायर आणताना ग्रोमेट घालणार का?
३. मूळ वायर न कापता कपलर-टू-कपलर जोडणार का? कापून चिकटपट्टी गुंडाळणार असाल तर नमस्कार.
४. दाराच्या खालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवणार ना? डॅम्पिंगच्या नादात ती बुजली की पावसाळ्यात दार आतून गंजतं. आणि रिंग साध्या एमडीएफची नको, ती पाण्याने फुगते.
५. ए-पिलरमधून वायर नेणार असाल तर तिथे कर्टन एअरबॅग आहे का, हे पाहिलंय का? तिच्या वाटेत काहीही नको.
६. पॅनेल बंद करण्याआधी मला फोटो काढू द्याल का?

सहाव्या प्रश्नाला जो दुकानदार कुरकुर करेल त्याच्याकडून बाहेर पडा. आणि जो आनंदाने "या ना साहेब, बघा" म्हणेल, त्याला तो मागेल ती मजुरी द्या. अशी माणसं आहेत, कमी आहेत, आणि ‘फिटिंग फ्री’वाल्यांच्या शेजारी दुकान चालवताना त्यांचा दम निघतोय.

तर मित्रा, तू हे वाचशीलच. जांभळे लाइट राहू देत, तो तुझा शौक. पण संध्याकाळी घरी गेलास की बॉनेट उघड, बॅटरीच्या प्लसवरून निघणारी जाड लाल वायर बोटाने धरून मागे मागे जा. हातभर अंतरात फ्यूज लागला तर मला फोन करून शिव्या घाल, मी ऐकून घेईन. नाही लागला, तर गाडी चालू करू नकोस, आधी मायनस टर्मिनल काढ आणि मग फोन कर. रविवारी आम्ही दोघं येतो. पाना बाबांच्या पिशवीत आहेच.