नुसतं बघायचे पैसे

"गाडी ओढत नाही" एवढं म्हणत माणूस गॅरेजात शिरला की दहा मिनिटांत त्याच्या हातात एका सुट्या भागाचं नाव पडतं. पंप, नोझल, टर्बो, क्लचप्लेट, नाहीतर थेट रिंग-पिस्टन. जुनी डिझेल पिकअप असेल तर बहुतेक वेळा पंपच. नाव मिळालं की आपलं समाधान होतं, रोग सापडला म्हणून. मला विचाराल तर तोवर काहीच सापडलेलं नसतं. फक्त बिलाची पहिली ओळ लिहून झालेली असते.

पिकअपला पिकअप नसणं (कोटी करत नाहीये, भाषाच तशी आहे) हे लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच, असं कुठला शहाणा डॉक्टर म्हणेल का? मग गाडीच्या बाबतीत आपण हे मुकाट्याने कसं ऐकून घेतो?

आधी थोडं गणित करू. मालासकट अडीच टनांची गाडी ६ टक्के चढावर ताशी ४० किलोमीटरने न्यायची, तर चाकांपाशी साधारण २० किलोवॅट, म्हणजे २७ अश्वशक्ती लागते. तीच गाडी ४ टन होईपर्यंत भरा, आकडा ४४ च्या आसपास जातो. आता जुन्या पिकअपचं इंजिन नवं असतानाच साठ-पासष्ट अश्वशक्तीचं. त्यातला काही वाटा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल खातात. म्हणजे पहिला प्रश्न इंजिनाचा नाहीच. पहिला प्रश्न, "दादा, भरली किती होती?" हा प्रश्न फुकट आहे, आणि कुणी विचारत नाही.

दुसरा प्रश्न, इंजिन ताकद देत नाहीये, की दिलेली ताकद चाकांपर्यंत पोचत नाहीये? चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबला, इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केल्यावर गाडी लगेच मेल्यासारखी थांबते का? ब्रेक न मारता दहा किलोमीटर चालवून उतरलात तर एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलाय का? (हात जपून जवळ न्या, थेट लावू नका.) तापला असेल तर लायनर धरून बसलेत. इंजिन बिचारं ब्रेकशी भांडतंय, आणि आपण त्याच्या पंपाकडे संशयाने बघतोय.

इथवर सगळं ठीक निघालं, तरच बॉनेट उघडायचं. डिझेल इंजिनाला लागतं काय? हवा, डिझेल, दाब आणि वेळ. या चारांपैकी काय कमी पडतंय हे बऱ्याचदा सायलेन्सरच सांगतो. भरपूर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर चोंदलाय, टर्बोचा होज फाटलाय, किंवा डिझेल जास्त पडतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनालाही पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाहीये, टायमिंग आणि दाब बघा. आणि ताकद नाही, धूरही नाही, तर डिझेल पोचतच नाहीये. तिथेही पंप शेवटी! आधी डिझेल फिल्टर. मग फिल्टरच्या तळातलं पाणी. मग एकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघायचं, कारण केबल ताणली गेली असेल तर पाय पूर्ण आणि लिव्हर अर्धाच. मग येणाऱ्या लाइनला पारदर्शक नळीचा तुकडा लावून बुडबुडे दिसतात का बघायचं. दिसले तर कुठूनतरी हवा धरतेय.

या सगळ्याला एक सकाळ पुरते. फिल्टर धरूनही खर्च पंपाच्या कामाच्या जवळपाससुद्धा जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे पुस्तकी झालं. ठीक, घडलेलं सांगतो. माझ्या मामेभावाची देवरुखला जुनी पिकअप आहे. आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते. ऐन एप्रिलात ती ओढेनाशी झाली. पहिले पंधरा-वीस किलोमीटर झकास, मग हळूहळू मरगळ. चहाला थांबलं की परत ठणठणीत, पुन्हा पंधरा-वीस किलोमीटर. गॅरेजने सांगितलं, "पंप गेलाय." पंप उतरला, कॅलिब्रेशनला गेला, चारही नोझल बदलले. २२ हजार रुपये आणि सीझनचे ४ दिवस. गाडी घेऊन निघाला आणि साखरप्याच्या पुढे परत तेच! तिथे एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरने नुसतं ऐकलं आणि म्हणाला, "टाकीचं झाकण उघड बघू." उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणाचं भोक चिखलाने बुजलेलं. पंप डिझेल ओढतोय, त्याच्या जागी टाकीत हवा यायला वाट नाही, आत पोकळी तयार होतेय. थांबलं की हवा हळूहळू झिरपते आणि गाडी बरी होते. एक टाचणी लागली.

"चहाला थांबलं की बरी होते" हे वाक्य त्याने गॅरेजातही सांगितलं होतं. अख्खं निदान त्या वाक्यात होतं. पंप बिघडला असता तर तो चहा पिऊन सुधारला नसता.

मग मिस्त्री चोर का? नाही, आणि माझं भांडण त्याच्याशी नाहीच. समजा त्याने सकाळभर तपासलं, झाकणाचं भोक मोकळं केलं आणि म्हणाला, "८०० रुपये द्या." आपण काय म्हणू? "एका टाचणीचे आठशे? नुसतं बघायचे पैसे?" तेच पंप उतरवला तर २२ हजार निमूट देतो, कारण हातात काहीतरी नवं, चकचकीत दिसतं. डोक्याचे पैसे आपण देत नाही, वस्तूचे देतो. मग तोही वस्तूच विकणार. तपासण्यात घालवलेली सकाळ त्याच्या खिशातून जाते, आणि अंदाजाने बदललेला पंप आपल्या खिशातून. आपणच घालून दिलेला हिशोब आहे हा.

याहून वाईट म्हणजे "स्क्रू वाढवून द्या". पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलं की चार दिवस गाडी पळते. फिल्टर चोंदलेलाच असतो, त्यात आता डिझेल जास्त. काळा धूर, तापलेलं इंजिन, घसरलेलं अ‍ॅव्हरेज. आमच्या धंद्यात याला पॅच मारणं म्हणतात. एरर दिसेनाशी करायची, चूक तशीच ठेवायची.

"नव्या गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथे हा प्रश्न नाही," असंही ऐकतो. स्कॅनर पी०२९९ दाखवतो, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. एवढंच. टर्बो खराब आहे असं तो म्हणत नाही. फाटका होजही हाच कोड देतो. कोड वाचून टर्बो बदलणारा आणि आवाज ऐकून पंप बदलणारा, दोघे एकाच शाळेतले.

"पण भाग नवा तर झाला ना" हे समाधानही खोटं आहे. जुन्या पिकअपच्या मालकाकडे २२ हजार म्हणजे मुलीची फी असते, नाहीतर पुढच्या सीझनच्या पेट्या. आणि पैशांपलीकडेही काही आहे. भरलेली गाडी घाटात ओव्हरटेक करताना मधेच दम सोडते, तेव्हा समोरून येणारी एसटी बिल बघत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजात भागाचं नाव ऐकून मान डोलावू नका. विचारा, "हे कशावरून? काय तपासलंत?" आणि उत्तर नसेल तर सांगा, "आधी तपासा, त्याचे पैसे वेगळे देतो." आणि खरंच द्या, टाचणीने काम झालं तरी. जो मिस्त्री हे ऐकून चिडेल त्याच्याकडून गाडी परत आणा. जो हसून हात पुसत टाकीचं झाकण उघडायला जाईल, त्याला धरून ठेवा.